आगाऊ शाल

आयुष्यात माझा एकदाच सत्कार झाला, आणि तोही अजून न केलेल्या कामासाठी.

रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत दहावी-बारावीच्या मुलांचं कौतुक असतं. त्या वर्षी एक मुलगा आलाच नाही, म्हणून एक शाल आणि एक नारळ उरला. त्यांचं काय करायचं, यावर व्यासपीठावर खुसुरफुसुर सुरू झाली. दुकानदार शाल परत घेणार नव्हता आणि पुढच्या वर्षापर्यंत तिला कसर लागली असती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझा नवरा उठला. हा माणूस मंत्रालयात नोकरीला आहे, पण त्याचा जीव माइकमध्ये.

“अध्यक्ष महोदय, आमची मिसेस पुढच्या महिन्यात न्यूझीलंडले जाऊन विमानातून उडी मारून राहिली!”

टाळ्या पडल्या. मला वर बोलावलं. अध्यक्षांनी माझ्या अंगावर शाल घातली, नारळ हातात दिला, फोटो निघाला. मला नवऱ्याचा असा संताप आला होता की नारळ तिथेच फोडावा, पण चेहऱ्यावर सत्काराचं हसू होतं. नवऱ्याने अजून माइक सोडला नव्हता.

“आनि दुसरी खुशखबर. आमाले नव्या रायपुरात क्वार्टर भेटलं. शिफ्ट झालो की मॅडम भनपुरीची नोकरी सोडून आराम करनार.”

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जास्त. समोरच्या बायका माझ्याकडे बघून माना हलवत होत्या, सुटलीस बाई एकदाची, अशा. मी एका हाताने शाल सावरत होते, दुसऱ्या हातात नारळ होता. खाली उतरताना पायरी नीट दिसेना, तेव्हा कोणीतरी दंडाला धरून उतरवलं.

यातलं काहीच मला नको होतं. उडीचं एक वेळ सोडा, ती मारून झाली की संपते. पण नोकरी मला सोडायची नव्हती.

भनपुरीत मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या कुंपणाला लागून ट्रकांची रांग असते आणि धूळ एवढी की आधी फळा पुसावा की टेबल, हा रोजचा प्रश्न. वर्गातली पोरं ड्रायव्हर, हमाल, गॅरेजवाल्यांची. सुरुवातीला त्यांना पुस्तकातली अक्षरं काही केल्या जमत नव्हती, तेव्हा वैतागून मी त्यांना खिडकीशी नेलं आणि ट्रकांच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. पोरं धडाधड वाचायला लागली. मग नंबरप्लेटवरून राज्य ओळखायचा खेळ सुरू झाला. महाराष्ट्राची गाडी दिसली की अख्खा वर्ग ओरडतो, “मैडम, आपके गाँव की गाड़ी!” माझं गाव विदर्भात आहे आणि आता तिथे आमचं कोणी राहत नाही. तरी ती गाडी दिसली की मला उगाच बरं वाटतं. घरात मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई असते. त्या वर्गात मी कामाची असते.

आम्ही तेव्हा शंकर नगरात भाड्याने राहत होतो. तिथून भनपुरीला जायला ऑटो मिळत असे. राज्य नवं झालं होतं, राजधानीसाठी अख्खं शहरच नवं बांधायला घेतलं होतं, मंत्रालयही तिकडे गेलं आणि नवरा स्टाफ बसने जाऊ-येऊ लागला. मग त्याला तिथे क्वार्टर मिळालं. बघायला गेलो. पाचवा मजला. बाल्कनीतून दिसणारा रस्ता एवढा रुंद, की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर पोचायची नाही. पण पलीकडे माणूसच नव्हता. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं, तेवढीच काय ती वर्दळ.

“किती शांत हाये पाय,” नवरा म्हणाला.

“भाजीवाला?”

“येईन नं हळूहळू.”

“आनि बस?”

“आता तुले कुठं जायचं हाये?”

मी बाल्कनीचा गज धरून उभी होते. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं होतं. “छान आहे,” मी म्हटलं.

असं का म्हटलं, हे आमच्या लोकांना समजावायला नको. आमच्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. जेवायला बोलावलं तर ‘येऊ नं’, मग जायचं असो की नसो. कोणी आपल्या भाच्याचं स्थळ सुचवलं तर ‘पाहू नं’. समोरच्यालाही त्यातलं समजतं, तोही बोलावल्याचं समाधान घेऊन घरी जातो. पन्नाशीपर्यंत मी याच भांडवलावर संसार केला होता आणि माझं बरं चाललंय असंच मला वाटत होतं.

मुलगी मात्र न्यूझीलंडला नोकरीला गेली आणि आपली रीत विसरली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. इथे वाढलेल्या पोरांचं तसंच असतं. एकदा व्हिडिओ कॉलवर तिने स्वतःच्या उडीची फिल्म दाखवली. पाठीला एक माणूस बांधलेला आणि दोघं ढगांतून खाली येताहेत. “मम्मी, यहाँ आओगी तो आप भी करोगी?” तिने विचारलं. माझ्या कढईत मोहरी तडतडत होती. “करू नं,” मी म्हटलं. थोड्याच दिवसांत तिचा निरोप आला, “बुक कर दिया!” नवऱ्याला बीपी, म्हणून तो त्यातून सुटला. त्या आनंदात त्याने मंडळात उभं राहून सांगून टाकलं.

सत्कारावरून घरी आल्यावर मी त्याला धरलं. “काहून सांगितलं तुमी सगळ्याईले? मले नाई मारायची उडी.”

“आता शाल घेतली नं तू.”

“आनि नोकरीचं...”

“त्या नारळाच्या वड्या कर. पोट्टीले लय आवडते.”

मी नारळ फोडला आणि वड्या केल्या. पुढे कळलं की तिकडे खाण्याचं नेलं तर विमानतळावर उलटतपासणी होते, म्हणून त्या आम्हीच संपवल्या. शाल एखाद्या वेळी परत करता आली असती, पण नारळ आमच्या पोटात गेला होता. शाळेतही नवऱ्याने परस्पर फोन केला. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, “दिवाली के बाद नई मैडम देख लेते हैं। आप लौटकर इस्तीफ़ा दे दीजिएगा.” मी म्हटलं, “जी.” वर्गात गेले तेव्हा पोरं खिडकीशी होती. एकाही गाडीकडे माझं लक्ष गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. तळ्याकाठचं लहानसं गाव होतं आणि गावाबाहेर गवतातली धावपट्टी. एका शेडमध्ये मला सलवार-कुडत्यावरून एक अखंड पोशाख चढवला आणि त्यावरून पट्टे, मांड्यांना, छातीला, खांद्यांना. ज्याच्याबरोबर उडी मारायची तो उंच, दाढीवाला, माझ्या मुलीच्या वयाचा. गाडीला जुंपायच्या आधी बैलाच्या गळ्यातली जोती ओढून बघतात तसे त्याने माझे पट्टे ओढून बघितले. मग शिकवलं. दारात अंग केळ्यासारखं वाकवायचं, डोकं मागे त्याच्या खांद्यावर, पाय मागे विमानाच्या पोटाखाली. माझी मुलगी दुसऱ्या एकाबरोबर उडी मारणार होती. ती हसून म्हणाली, “मम्मी, केला बनना है बस.” नवरा मोबाईल धरून समोर नाचत होता. “इकडे पाय! हात हलव! मंडळाले दाखवायचं हाये!” मी हात हलवला.

विमानात खुर्च्या नव्हत्या. लांब बाकावर दोन्ही बाजूंना पाय टाकून एकामागे एक बसायचं. माझ्यामागे दाढीवाला, माझ्यापुढे मुलीबरोबर उडी मारणारा माणूस आणि दाराशी मुलगी. शेअर ऑटो सोडली तर परक्या पुरुषाला एवढं खेटून मी जन्मात बसले नव्हते. विमान वर चढत राहिलं. मग दाढीवाल्याने माझ्या खांद्यांशी आणि कमरेशी कड्या अडकवल्या, खट खट आवाज झाला, आणि मला पुढे वाकताही येईना. मागे सरकावं तर तो, पुढे सरकावं तर दार. मला वाटलं, हा एकटा माझ्या पाठीला बांधलेला नाही. मंडळाचे अध्यक्ष, हेडमास्तरीणबाई, माना हलवणाऱ्या त्या बायका, माझा नवरा, सगळे मागे बसलेत आणि पुढे ढकलताहेत. सरळ सांगते, मी इतकी घाबरले होते की आपण का घाबरलोय तेही आठवेना.

दार उघडलं. वारा असा आत घुसला, जणू ट्रक अंगावर आला. मुलीने मान वळवून काहीतरी म्हटलं, ओठांवरून कळलं, “नीचे मिलते हैं.” आणि ती दिसेनाशी झाली. उडी मारली असं वाटलंच नाही. होती आणि नव्हती. माझ्या तोंडून ‘अगं’ निघालं, ते मलाही ऐकू आलं नाही.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आता या विमानात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. जिचं मन मोडायला नको ती खाली गेली होती. ज्याला चारचौघांत तोंड दाखवायचं होतं तो गवतावर उभा होता. उरले होते वैमानिक आणि हा दाढीवाला, ज्याचं नावही मला नीट ऐकू आलं नव्हतं. याच्या घरी मला कधी जेवायला जायचं नव्हतं. याच्या बहिणीच्या लग्नाला जायचं नव्हतं. असा माणूस मला पन्नास वर्षांत भेटला नव्हता.

तो मला घेऊन दाराकडे सरकला. कानाशी ओरडला, “रेडी?”

“नो,” मी म्हटलं.

त्याला वाटलं असेल वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. त्याने माझ्या डोळ्यांसमोर हात आणून अंगठा वर केला. मी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि अंगठा खाली वळवला. “नो, सर.”

“ओके. नो प्रॉब्लेम,” तो म्हणाला. मागे सरकला. दार बंद झालं.

मी वाट बघत बसले. आमच्याकडे पहिल्या नाहीनंतर तर खरी सुरुवात होते. आता हा समजावेल, एवढ्या लांब आल्या, मुलगी काय म्हणेल, एकदाच तर आहे. मी कारणांची जुळवाजुळव केली, गुडघे, चक्कर, लहानपणी विहिरीत पडले होते. “माय नीज,” मी सुरुवात केली. त्याने हात हलवला, राहू द्या अशा अर्थाने, माझे पट्टे ढिले केले आणि खिडकीकडे बोट दाखवलं. खाली तळं होतं, पूर्ण निळं. मी एवढा वेळ बघितलंच नव्हतं. मग मला रडू कोसळलं. भीती केव्हाच उतरली होती. हातातला रिकामा पेला कोणी घ्यावा तसं त्याने माझं नाही घेतलं होतं, आणि असं कधी कोणी घेतलं होतं का, ते मला आठवत नव्हतं.

खाली नवरा मोबाईल आकाशाकडे धरून पाठमोरा उभा होता. एक लाल-पिवळी छत्री गवतावर उतरत होती आणि याचं धावतं वर्णन चाललं होतं. “आली, आली! आमची मॅडम आली! पाहा मंडळी, रायपुरची वाघीन!” छत्रीखालून दुसऱ्याच विमानातून उडी मारलेली कोणीतरी गोरी बाई उतरली. मी मागून जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. भूत बघावं तसा तो दचकला.

“मी नाई मारली.”

“काय नाई मारली?”

“उडी. मी नाई म्हटलं.”

“मंग?”

“मंग काई नाई. आनलं त्यानं खाली.”

तोवर त्याचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर जाऊन पडला होता. मुलगी धापा टाकत आली, वाऱ्याने गाल लाल झालेले. तिला राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला कळलं नाही. “मम्मी, पहले मना कर देतीं! आपने हाँ क्यों बोला था?” आपल्याकडे तसंच म्हणतात, मी म्हटलं. ती पाठ फिरवून अंगावरचे पट्टे सोडायला लागली.

संध्याकाळभर नवऱ्याचा मोबाईल वाजत राहिला. अभिनंदन, वहिनींना सलाम, आमच्या समाजाची शान. त्याने दोन-चार जणांना आभारही कळवले. मग माझ्याशेजारी येऊन बसला. “राहू दे नं. कोन येऊन पाहून राहिलं? गॉगलमध्ये कोनाचं तोंड दिसते? दिवाळी मिलनात तुझं अनुभवकथन ठेवलं हाये त्याईनं.”

खोटं आयतं तयार होतं, मला फक्त त्यात जाऊन बसायचं होतं. त्याचा चेहरा एवढासा झाला होता, त्याची मला दयाही आली. “पाहू नं,” मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी माझी मलाच चीड आली. आकाशात एकदा जमलं म्हणून जमिनीवर जमतं असं नाही. परतीच्या सगळ्या प्रवासात मी खुर्चीचा पट्टा लावून बसले होते आणि तो सोडायची परवानगी दिली तरी सोडत नव्हते.

दिवाळी मिलनाला नवऱ्याच्या आग्रहाने मी तीच शाल अंगावर घेतली. सभागृह भरलं होतं. पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला, नवऱ्याच्या आवाजासकट. छत्री उतरली तेव्हा लोक उभे राहिले. माझ्या हातात माइक दिला. विमानाच्या दारात घाबरले नव्हते तेवढी मी तिथे घाबरले होते, कारण इथे सगळेच ओळखीचे होते.

“ही मी नाई,” मी म्हटलं. “मी दारापर्यंत गेली, घाबरली, नाई म्हटलं आनि विमानातच वापस आली. ही बाई कोन हाये मले माहीत नाई. टाळ्या तिच्यासाठी ठेवा.”

कोणीतरी हसलं. नवरा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. आता थांबले तर पुन्हा जमायचं नाही हे मला कळत होतं.

“आनि दुसरी गोष्ट. मी नोकरी सोडत नाई. क्वार्टरमध्ये राहीन आनि भनपुरीले जाईन.”

मी शाल काढून घडी घातली आणि अध्यक्षांपुढे धरली. ते बिचारे गोंधळले. “वहिनी, शाल वापस घ्यायची आपल्याकडे पद्धत नाई,” ते म्हणाले आणि त्यांनी ती माझ्याच हातावर ठेवली. यावर मात्र टाळ्या पडल्या. कशासाठी, ते वाजवणाऱ्यांनाही माहीत नसावं.

घरी आल्यावर कुलूप उघडताना नवरा म्हणाला, “चारचौघात काहून?”

“तुमीबी चारचौघातच सांगितलं होतं. घरी सांगितलं असतं तर तुमी वड्या करायले लावल्या असत्या.”

तो आत जाऊन झोपला. पुढे बरेच दिवस आमच्यात जेवणाखाणापुरतंच बोलणं होतं. हेडमास्तरीणबाईंना मी राहते म्हटलं, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वेळापत्रक माझ्याकडे सरकवलं.

मग आम्ही नव्या रायपुरात राहायला आलो. मी जिंकले वगैरे काही नाही. सकाळची बस एकच सोयीची, ती चुकली की त्या रुंद रस्त्यावर नुसतं उभं राहायचं, मोटारी सुसाट जातात, थांबत कोणी नाही. शहरात उतरून पुढे शेअर ऑटो. संध्याकाळी गुडघे ठणकतात, खरंच ठणकतात, आता ते कारण नाही. बाल्कनीत उभी राहिले की अजूनही छातीवर ते ओझं येतं. कधी कधी वाटतं, काय अवदसा आठवली. वर्गात शिरले की वाटायचं थांबतं.

डिसेंबरातली एक सकाळ. बाहेर धुकं होतं, समोरचा रस्ता दिसत नव्हता. मी दाराशी चप्पल घालत होते. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला.

“मंडळाची सहल हाये रविवारी. तुझं नाव देऊन देऊ नं?”

‘देऊन द्या नं’ अगदी जिभेवर आलं होतं.

“नाई,” मी म्हटलं.

एक चप्पल पायात, एक बाहेर, मी तशीच थांबले. आता तो विचारेल, काहून. मी कारण शोधायला लागले, पेपर तपासायचे आहेत, गुडघे आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं, चहाचा एक घोट घेतला.

“बरं,” तो म्हणाला. मग खुंटीवरची शाल काढून त्याने माझ्या खांद्यावर टाकली. “हे घेऊन जा. बाहेर गारठा हाये.”